शेतकरी 26, चल 14: रिग्रेशनमधल्या या चुका टाळा

प्रोजेक्ट जमा करायची तारीख जवळ आली की सांगलीत माझ्याकडे त्याच त्या फायली येतात. रिग्रेशन म्हणजे एका गोष्टीवर बाकीच्यांचा परिणाम किती, ते आकड्यांत काढणं. नमुना पंचवीस-तीसचा, आणि कंट्रोल (ज्यांचा परिणाम वेगळा काढायचा असे जादा चल, म्हणजे मोजलेल्या बाबी) मात्र सढळ हाताने घातलेले. "सर, असलेले बरे ना? उद्या व्हायवात कोणी विचारलं तर?" व्हायवाच्या भीतीने चल घालायचा नसतो.

एका मुलाचा प्रश्न फार चांगला होता: ठिबकमुळे उसाचा एकरी नफा वाढतो का? वाळवा, पलूस, कडेगाव, मिरज या तालुक्यांतले 26 शेतकरी, बांधावर जाऊन भरलेले फॉर्म. मॉडेलमध्ये ठिबक, वय, शिक्षण, घरातली माणसं, क्षेत्र, तालुक्याच्या 3 डमी (गट ओळखायचे 0-1 चे रकाने), लागण हंगामाच्या 3, जमिनीच्या प्रकाराच्या 2 आणि वर एकरी टनेज. झाले 14. स्थिरांक धरून 15 आकडे काढायचे, म्हणजे डिग्री ऑफ फ्रीडम (नोंदी वजा काढायचे आकडे) उरल्या 11. पठ्ठ्या आर-स्क्वेअर (नफ्यातल्या फरकाचा किती हिस्सा मॉडेलने पकडला ते) बघून खूश. अरे, त्या 14 रकान्यांत लॉटरीचे आकडे भरले असतेस तरी सरासरी 14 भागिले 25 (नोंदी वजा एक), म्हणजे 0.56 आला असता! जास्त चलांचा दंड लावणारा अॅडजस्टेड आर-स्क्वेअर त्याच तक्त्यात शेजारी होता, तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

पण खरा घोळ टनेजने केला. ठिबकने नफा वाढतो तो बराचसा टनेज वाढूनच. टनेज कंट्रोल केलं की आपण विचारतो, टनेज तेवढंच राहिलं तर ठिबकचा फायदा किती? उत्तर शून्याच्या आसपास आलं, आणि निष्कर्षात छापून मोकळा: ठिबकचा उपयोग नाही. परिणाम ज्या वाटेने जातो तीच वाट बंद केल्यावर दुसरं काय येणार?

लागण हंगाम मात्र हवाच. आडसाली ऊस जास्त महिने रानात उभा, टनेज जास्त. आणि त्याच्या फॉर्मांत ठिबकवाले बहुतेक आडसालीचेच होते. हंगाम गाळला तर आडसालीचं श्रेय ठिबकला जातं. शेवटी ठिबक, आडसाली आहे की नाही आणि क्षेत्र, एवढेच चल ठेवले. ठिबकचा परिणाम दिसला, पण विश्वासांतर (खरा आकडा जिथे असू शकतो तो पट्टा) चांगलंच रुंद. तसंच छापायला लावलं.

माझी सवय सांगतो. एसपीएसएस हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर उघडायच्या आधी कागदावर प्रत्येक कंट्रोलपुढे एक ओळ लिहायची: हा ठिबक घेण्यावरही परिणाम करतो आणि नफ्यावरही, तो कसा? ओळ सुचली नाही तर चल बाद. एका चलामागे 10 ते 15 नोंदी हा ढोबळ हिशेब आहे, पण घाईवाल्यांना तेवढा पुरतो.

चल आपोआप निवडणारं स्टेपवाइजचं बटण दाबू नका. छोट्या नमुन्यात दोन-चार फॉर्म इकडचे तिकडे झाले की वेगळेच चल निवडून येतात, आणि उरलेल्यांच्या पी व्हॅल्यू (निव्वळ योगायोगाने असा परिणाम दिसण्याची शक्यता) फुकाच्या देखण्या दिसतात.

कंट्रोलच्या सहगुणकांवर (मॉडेलने काढलेल्या परिणामाच्या आकड्यांवर) परिच्छेद लिहू नका. वयाचा परिणाम हा तुमचा प्रश्नच नव्हता.

रिकामे रकाने तपासा. शिक्षण विचारायचं राहिलेले शेतकरी मॉडेलमधून गुपचूप गळतात. तक्त्यातला एन, म्हणजे नोंदींची संख्या, वाचा.

आणि कंट्रोलशिवायचं मॉडेलही शेजारी छापा. दोन्हींत ठिबकचा आकडा फार हलला तर एकेक चल काढून कोणामुळे हलला ते बघा. मनासारखा आकडा येईपर्यंत काढत बसलात तर फाईल माझ्याकडे आणू नका.