कस्टम लॉबीसाठी घरचं रेटिंग: टीम पाडण्याचा वाद मिटवायचा असेल तर

तेच दहा जण व्हॅलोरंट या पाच विरुद्ध पाच नेमबाजीच्या गेमच्या कस्टम लॉबीत, म्हणजे आपल्याआपल्यातल्या खासगी सामन्यासाठी, जमतात आणि टीम पाडतानाच पंधरा मिनिटं जातात. गेममधल्या रँकवर टीम पाडता येत नाही: कुणाचा रँक जुना, कुणी दुसऱ्याच अकाउंटवरून आलेला. त्यापेक्षा एक गूगल शीट उघडा आणि बुद्धिबळातली ईलो पद्धत लावा: प्रत्येकाच्या नावावर एक आकडा, म्हणजे रेटिंग, असतो आणि जिंकल्या-हरल्यावर तो वर-खाली होतो.

सगळ्यांना १५०० देऊन सुरुवात करता येते, पण मग पहिले कितीतरी सामने फुकट जातात. गेममधल्या गोल्ड रँकला १५०० धरा आणि दर पायरीला १०० वर किंवा खाली जा, म्हणजे सिल्व्हर १४००, प्लॅटिनम १६००. रँकवर भरवसा नसेल तर सगळ्यांनी मिळून अंदाजे आकडा ठरवा. पुढे तो आपोआप सुधारतो.

दहा जणांच्या पाच-पाचच्या जोड्या १२६ प्रकारे लागतात. दोन्ही टीमच्या सरासरीत ३० पेक्षा कमी फरक राहील अशा जोड्या घ्या आणि त्यांतली एक चिठ्ठी टाकून निवडा. फक्त सरासरी पाहिली तर मात्र फसगत होते. २००० आणि १००० यांची सरासरी १५०० च, पण असे दोघे एका बाजूला आले की सामना त्या एकट्या २००० वाल्याभोवती फिरतो. म्हणून सगळ्यात वरचे दोघे नेहमी समोरासमोर ठेवा, सगळ्यात खालचे दोघेही.

आता हिशोब. जिंकण्याची अपेक्षा = १ ÷ (१ + १०^(फरक ÷ ४००)). फरक म्हणजे समोरच्या टीमची सरासरी वजा आपली सरासरी. वजाबाकी उलटी झाली की दुबळी टीम बलाढ्य दिसते. शीटमधली नेहमीची चूक हीच. एखाद दिवशी आठच जण आले आणि १५६० विरुद्ध १४८० अशी जोडी लागली, तर वरच्या टीमची अपेक्षा ०.६१ येते. प्रत्येकाच्या रेटिंगमध्ये भर पडते ती के × (निकाल − अपेक्षा), जिंकलं तर निकाल १, हरलं तर ०. के म्हणजे एका सामन्याने रेटिंग किती हलावं हे ठरवणारा आकडा. के २४ धरला तर वरची टीम जिंकल्यावर प्रत्येकी ९ मिळतात आणि हरल्यावर १५ जातात. नव्या माणसाला पहिले १५ सामने के ४० ठेवा. फिडे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघही, नवख्या बुद्धिबळपटूला ४० च देते आणि ३० डावांनंतर सहसा २० वर आणते.

किल्सचे जादा गुण देण्याचा मोह आवरा. दिले की दोन शनिवारांत सगळे स्कोअरबोर्डसाठी खेळू लागतात, आणि स्मोक (धुराचा पडदा) टाकणारा, स्पाइक (बॉम्ब) लावणारा तळाला जातो. निकाल पुरे.

निकालातून एकेकट्याबद्दल कळतं मात्र थोडंच. मायक्रोसॉफ्टने ट्रूस्किल या आपल्या रेटिंग पद्धतीसाठी दिलेल्या आकड्यांनुसार, एकास एक खेळात माणसाची पातळी ओळखायला साधारण १२ सामने लागतात, चार विरुद्ध चारमध्ये ४६. तेव्हा आठवड्याला तीन सामने खेळणाऱ्या ग्रुपने पहिले तीन-चार महिने आकड्यावरून भांडू नये. त्यात दोघे मित्र नेहमी एकाच टीममध्ये बसले तर त्यांचे आकडे हातात हात घालून वर-खाली होतात आणि दोघांत भारी कोण हे शीटला कधीच समजत नाही. जोड्या फोडा. फोडायच्याच नसतील तर आपसात बोलत खेळण्याचा फायदा म्हणून त्यांच्या टीमच्या सरासरीत २० मिळवा आणि मगच तोल साधा.

‘मी चांगला खेळतो, मग निम्मेच सामने का जिंकतो?’ ही तक्रार येणारच. टीम बरोबरीच्या पाडल्या की सगळ्यांचेच निम्म्याच्या आसपास येतात. चांगला खेळाडू निम्मे जिंकतो ते दुबळे सोबती घेऊन, आणि त्याचं श्रेय त्याच्या रेटिंगमध्ये दिसतं, विजयांच्या मोजणीत नाही.

तीन महिने गायब असलेल्याचा के पाच सामने पुन्हा ४० करा. दुसऱ्या ग्रुपच्या १६०० शी आपला १६०० ताडू नका. आकड्याला अर्थ फक्त एकमेकांत खेळलेल्यांपुरता असतो.

साधारण ५० सामन्यांनंतर शीट तपासा. अपेक्षा ०.५५ च्या वर होती असे सामने वेगळे काढा. वरची टीम त्यांत अपेक्षेपेक्षा बरीच कमी जिंकत असेल तर आकडे गरजेपेक्षा जास्त फाकलेत: के १६ वर आणा. बरीच जास्त जिंकत असेल तर के वाढवा. असे सामने दहाच्या आत असतील तर अजून काहीच बदलू नका.