छोट्या महाविद्यालयातील यशाची नोंद कशी ठेवावी

तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात वर्षभरात पुष्कळ काही घडते; पण वार्षिक अंकासाठी किंवा महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ या संस्थेला पाठवायच्या वार्षिक गुणवत्ता अहवालासाठी माहिती गोळा करायला बसले की हाती जेमतेम पाच-सहा नावे आणि वर्तमानपत्राची दोन कात्रणे लागतात. याचे कारण यशाचा अभाव हे नसून नोंदीची दिरंगाई हे असते. म्हणून ग्रंथालयात किंवा अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षात एकच नोंदवही ठेवावी, ती एका व्यक्तीच्या जबाबदारीवर सोपवावी आणि निकाल कळला त्याच आठवड्यात त्यात नोंद करून प्रमाणपत्राची प्रत सोबत लावावी.

नोंद लिहिताना सर्वांत जास्त काळजी ‘स्तर’ या शब्दाची घ्यावी. ‘राज्यस्तरीय कबड्डी स्पर्धेत घवघवीत यश’ असे वाक्य पुष्कळ अंकांत दिसते, पण त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘द्वितीय वर्ष कला शाखेतील विद्यार्थिनीची आंतरविभागीय स्पर्धेतून विद्यापीठाच्या कबड्डी संघात निवड झाली व ती पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळली’ असे लिहावे आणि त्यापुढे ठिकाण व तारीख द्यावी. लहान महाविद्यालयातून विद्यापीठाच्या संघात जागा मिळवणे हेच मोठे यश आहे. त्याला राज्यस्तराचे लेबल लावले तर खरी कामगिरी झाकली जाते. ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेतही प्रकल्प जिल्ह्यापर्यंत गेला, विद्यापीठापर्यंत गेला की राज्य पातळीवर, हे स्पष्ट लिहावे.

स्पर्धा परीक्षांच्या बाबतीत घाई करू नये. लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा उत्तीर्ण होणे आणि अंतिम निवड यादीत नाव येणे यांत मोठे अंतर आहे. अभिनंदनाचा फलक पूर्वपरीक्षेनंतरच लागला तर पुढच्या टप्प्यावर त्या मुलालाच अवघडल्यासारखे होते. महाराष्ट्र व गोवा या राज्यांसाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते ती सेट परीक्षा उत्तीर्ण झाल्यास सहायक प्राध्यापकपदाची पात्रता मिळते. तिची नोंद पात्रता म्हणूनच करावी, नियुक्ती म्हणून नव्हे.

प्राध्यापकांच्या शोधनिबंधासाठी नियतकालिकाचे नाव, खंड, अंक आणि नियतकालिकाची ओळख सांगणारा आठ अंकी आयएसएसएन क्रमांक घ्यावा व तो नियतकालिकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ताडून पाहावा, कारण नामांकित नियतकालिकांची नक्कल करणारी बनावट संकेतस्थळे असतात आणि त्यांत प्रामाणिक माणूसही फसतो. पुस्तकाचा ओळख क्रमांक, म्हणजे आयएसबीएन, २००७ पासून तेरा अंकी आहे. पीएच.डी.साठी मौखिक परीक्षेची नव्हे, तर विद्यापीठाच्या अधिसूचनेची तारीख धरावी.

माजी विद्यार्थ्यांची माहिती मिळवणे सर्वांत कठीण असते, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे कामही तेच आहे. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींचा माग लागत नाही, म्हणून महाविद्यालयीन नाव आणि आताचे नाव अशी दोन्ही नावे लिहून ठेवावीत. आमच्या अंकात एका वर्षी हे राहून गेले आणि एकाच विद्यार्थिनीची नोंद दोन वेगवेगळ्या व्यक्ती म्हणून छापली गेली. तिचे वडील अंक घेऊन कार्यालयात आले, तेव्हा त्यांच्यासमोर चूक मान्य करण्यावाचून मार्ग नव्हता. सरकारी नोकरी लागली म्हणजेच यश, असेही मानू नये. घरातील पहिली पदवीधर झालेली मुलगी गावात दूध संकलन केंद्राचा हिशेब चोख सांभाळत असेल, तर तिची नोंद फौजदार झालेल्या मुलाच्या शेजारी, तितक्याच ओळींची असावी. मात्र छायाचित्र व माहिती छापण्यापूर्वी तिची लेखी संमती घ्यावी आणि दूरध्वनी क्रमांक छापू नये.

मजकूर छापखान्यात जाण्यापूर्वी प्रत्येकाला त्याच्यापुरता परिच्छेद वाचायला द्यावा व खाली सही घ्यावी. सही केलेले ते कागद नोंदवहीतच चिकटवून ठेवावेत, म्हणजे पुढच्या वर्षी जबाबदारी दुसऱ्याकडे गेली तरी त्याला सुरुवात कोठून करायची हे शोधावे लागत नाही.