खडकाळ किनाऱ्यावर एका प्रजातीची वाढ आणि जैवविविधता वेगवेगळी कशी मोजावी

जीवांची संख्या वाढली म्हणजे जैवविविधताही वाढली, असे बरेचजण धरून चालतात. प्रत्यक्षात एकाच प्रजातीची भरभराट इतरांची जागा व्यापून झालेली असू शकते, म्हणून दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे मोजायला हव्यात. मुंबईत हे शिकण्यासाठी वांद्र्याचे बँडस्टँड किंवा हाजी अली येथील खडक मला सर्वांत योग्य वाटतात, कारण तिथे कालवे (ऑयस्टर) आणि बार्नेकल (खडकाला चिकटून राहणारे छोटे कवचधारी जीव) एकाच जागी चिकटून राहतात आणि खडकावरची मोकळी जागा हीच त्यांची खरी टंचाई असते.

मोजणीसाठी अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपासचे उधाणाचे दिवस निवडावेत. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत किनाऱ्याचा खालचा पट्टा पाण्याखालीच राहतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, म्हणजे पौर्णिमेला सव्वाअकरा, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. हा जुना हिशेब उपयोगी असला तरी भरती-ओहोटीच्या तक्त्याशी तो ताडून पाहावा, ओहोटीच्या तासभर आधी पोहोचावे आणि पाणी फिरताच परतावे. जून ते सप्टेंबर खडकांवर उतरूच नये.

पीव्हीसी पाइपची ५० सेंटिमीटर लांब-रुंद चौकट करून तिच्यात आडवे-उभे चार-चार दोरे ताणावेत, म्हणजे २५ घरे आणि १६ छेदबिंदू मिळतात. किनाऱ्याला समांतर ३० मीटरची टेप पसरून चौकट कुठे ठेवायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे. ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण ती टाळली तर डोळे आपोआप जीवांनी गजबजलेल्या जागेकडे वळतात आणि सारी मोजणी फुगते. निदान दहा चौकटी घ्याव्यात आणि प्रत्येकीचा वरून सरळ फोटो काढावा.

गोगलगायी, खेकडे आणि कालवे एकेक करून मोजावेत. रिकामी कवचे धरू नयेत. झोअँथिड (प्रवाळाचे नातेवाईक असलेले, वसाहत करून राहणारे मऊ जीव) आणि स्पंज यांच्यात एक जीव कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे कळत नाही, म्हणून १६ पैकी किती छेदबिंदूंखाली ते येतात एवढेच नोंदवावे आणि हा आकडा खालच्या सूत्रात मिसळू नये. उलटवलेला दगड जसा होता तसाच परत ठेवावा, कारण त्याच्या खालच्या अंगाला वाढणारे जीव उन्हात थोड्या वेळात मरतात. प्रवाळ दिसल्यास हात लावू नये. त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

विविधतेसाठी संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड सिम्प्सन यांनी १९४९ मध्ये मांडलेला निर्देशांक पुरेसा आहे. प्रत्येक प्रजातीचा एकूण संख्येतला वाटा काढून त्याचा वर्ग करावा आणि सर्व वर्गांची बेरीज १ मधून वजा करावी. समजा, दोन ठिकाणी प्रत्येकी १०० जीव आणि पाच प्रजाती आहेत. पहिल्या ठिकाणी प्रत्येकीचे २० जीव असतील, तर उत्तर ०.८० येते, दुसरीकडे एकीचे ९२ आणि उरलेल्यांचे दोन-दोन असतील, तर ते ०.१५ वर घसरते. नुसती प्रजातींची यादी केली असती, तर दोन्ही खडक सारखेच वाटले असते.

वाढ मोजताना एकूण आकड्यावर थांबू नये. कालवे एका महिन्यात ४० वरून ६० आणि पुढच्या महिन्यात ७५ झाली, तर दरडोई वाढ ०.५० वरून ०.२५ वर आली आहे. संख्या चढत असतानाच वेग मंदावणे हे जागा भरत आल्याचे लक्षण असू शकते. बेल्जियन गणितज्ञ फेरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये मांडलेल्या लोकसंख्यावाढीच्या समीकरणाचा गाभा हाच आहे. वर्षावर्षांची तुलना मात्र त्याच महिन्याशी, म्हणजे नोव्हेंबरची नोव्हेंबरशीच करावी, कारण पावसाळ्याचा परिणाम दीर्घकाळ रेंगाळतो.

संख्या वाढत असूनही निर्देशांक घसरत असेल, तर वाढणाऱ्या प्रजातीला खाणारे कोण, हे शोधावे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर परिसंस्थाशास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांनी खडकावरून तारामासे सतत काढून टाकले, तेव्हा शिंपल्यांनी जागा व्यापत नेली आणि १५ पैकी ८ प्रजातीच उरल्याचे त्यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणून वहीत शिकारी गोगलगायी आणि खेकडे यांच्यासाठी वेगळा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवावा, आणि ते दिसले नाहीत तर तिथे स्पष्टपणे शून्य लिहावे.