कोशिंबिरीवरचे पाकवलेले काजू-अक्रोड : या चुका टाळा

पहिल्यांदा केले तेव्हा पाव किलो अक्रोडांचा एक दगड झाला होता. स्टीलच्या ताटाला असा बसला की शेवटी वरवंटा घ्यावा लागला. ताटाला पोचा आला, तो आजही आहे. नणंदेची मुलगी पुण्याहून आली होती, तिला जेवणात 'सॅलड' हवं होतं. मला वाटलं, दर संक्रांतीला चिक्की करते, मग हे काय अवघड आहे? चिक्की वडी पाडून खायची असते आणि हे दाणे सुटे हवे असतात, एवढा साधा फरक डोक्यात आला नव्हता.

त्यानंतर बरेच घाणे झाले, बरेच बिघडले. जवळजवळ प्रत्येक बिघाडाच्या मुळाशी पाणीच निघालं. कधी ते दाण्यात होतं, कधी पाकात, कधी हवेत, कधी कोशिंबिरीत.

हलवा करताय की चिक्की, ते आधी ठरवा

दाण्यावर साखर चढवायच्या दोन तऱ्हा आपल्या घरात आधीपासूनच आहेत. संक्रांतीचा काटेरी हलवा ही एक. त्यात साखर पुन्हा कणीदार होऊन दाण्यावर बसते, पांढरी आणि खरखरीत. दुसरी चिक्की. तिच्यात साखर वितळून काचेसारखी होते. कोशिंबिरीवरचे दाणे या दोन्ही पद्धतींनी होतात, पण हलव्याला सतत ढवळावं लागतं आणि चिक्कीच्या साखरेच्या पाकाला ढवळायचंच नसतं. बहुतेकांचं इथेच फसतं. थोडं ढवळतात, थोडं सोडतात, आणि कढईत अर्धं वाळू, अर्धं चिकट असं काहीतरी तयार होतं.

हलव्याच्या पद्धतीला २०० ग्रॅम दाणे, ७५ ग्रॅम साखर, दोन मोठे चमचे पाणी आणि पाव चमचा मीठ पुरतं. सगळं एकदमच जाड बुडाच्या कढईत घाला, मध्यम आचेवर ठेवा आणि हलवत राहा. आधी पाक फसफसतो, मग दाट होतो, आणि एका क्षणी अचानक कोरडा पडून वाळूसारखा होतो. नवखी माणसं इथे घाबरतात, बिघडलं म्हणून आणखी पाणी ओततात. बिघडलेलं काही नसतं, हलवा असाच होतो. आच कमी करून दोन-तीन मिनिटं आणखी हलवलं की थोडी साखर परत वितळते आणि कडांना तांबूस रंग येतो. तिथे गॅस बंद.

चिक्कीच्या पद्धतीत आधी नुसती साखर आणि पाणी. साखर विरघळेपर्यंत ढवळा, उकळी फुटली की चमचा बाजूला. कढईच्या कडेला साखरेचे कण सुकून बसतात. त्यातला एक जरी पाकात पडला तरी सगळा पाक साखरतो, कारण विरघळलेल्या साखरेला पुन्हा कणी धरायला तेवढं निमित्त पुरतं. कडा ओल्या ब्रशने खाली उतरवत राहा आणि सुरुवातीलाच लिंबाचे तीन-चार थेंब पिळा. आंबटामुळे काही साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, मग बाकीच्या साखरेला सहजासहजी कणी धरता येत नाही. पाक मधाच्या रंगाचा झाला की दाणे घाला, दोन वेळा खालीवर करा आणि लगेच ताटात.

एवढं करूनही पाक साखरलाच तर फेकू नका. दोन चमचे पाणी घालून मंद आचेवर पुन्हा विरघळवा आणि नव्याने सुरू करा. करपला मात्र तर सोडून द्या. करपल्याचा कडूपणा लिंबाने, मिठाने, कशानेही जात नाही.

दाणे आधी भाजले नाहीत

पाकातच भाजले जातील असं वाटतं. भाजले जात नाहीत. बाहेर साखर करपते आणि आत दाणा मऊच राहतो. वर दाण्यातली ओल दोन दिवसांत साखरेच्या थरात उतरते आणि तो चिकट होतो. काजू-अक्रोड मंद आचेवर दहा-बारा मिनिटं परता, किंवा ओव्हनमध्ये १६० अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवा. कोरडेच भाजा. तुपावर परतलेल्या दाण्यावर पाक धरत नाही, साखर पापुद्र्यासारखी गळून पडते. तुपाची हौस असेल तर ते ताटाला लावा.

चिक्कीच्या पद्धतीत दाणे गरम असतानाच पाकात पडायला हवेत. गार दाणे टाकले की पाक जागीच थिजतो आणि निम्म्या दाण्यांना लागतच नाही.

अक्रोड तुरट लागत असतील तर दोष सालीचा आहे. उकळत्या पाण्यात एक मिनिट टाका, निथळा, कापडावर पसरून नीट वाळवा आणि मग भाजा. वाळवण्यात घाई नको. काजूला हा उपद्व्याप लागत नाही. आमच्याकडे चंदगड-आजऱ्याकडचा काजू सहज मिळतो. त्यातली पाकळी किंवा तुकडा घ्या, कोशिंबिरीवर अख्ख्या काजूचं काही काम नसतं. विकत घेताना एक दाणा चावून बघा. खवट दाण्यावर कितीही साखर चढवली तरी तो खवटच लागतो.

कुठलाही गूळ चालेल ही समजूत

कोल्हापुरात राहून साखर कशाला, असं सासरे म्हणतातच. त्यांचं म्हणणं शेंगदाण्यापुरतं मला मान्य आहे. २०० ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यांना १०० ग्रॅम गूळ, एक चमचा पाणी आणि अर्धा चमचा तूप. पण दुकानात नेमका चिक्कीचा गूळ मागा. रोजच्या आमटीतला मऊ, काळसर गूळ कितीही आटवला तरी हवा तसा कडक होत नाही. अशा गुळात ग्लुकोज-फ्रुक्टोजचा भाग जास्त असतो आणि तो हवेतलं पाणी ओढून घेतो.

गुळाच्या पाकाला ढवळावं लागतं, नाहीतर तळाशी लागतो. पाक झाला का, ते रंगावरून ठरवू नका, गूळ मुळातच तांबूस असतो. वाटीभर गार पाण्यात एक थेंब सोडा. बोटाने दाबला की वाकला तर अजून वेळ आहे. कडकन मोडला आणि वाटीच्या काठावर टाकल्यावर टण् वाजला की झालं. मोडायला लागल्यापासून करपेपर्यंत अर्धा मिनिटही मिळत नाही, म्हणून ताटाला तूप आधीच लावून ठेवा.

थर्मामीटर वापरणाऱ्यांसाठी: साखरेचा पाक १५० अंशांच्या आसपास कडक मोडू लागतो आणि १६० च्या पुढे रंग धरतो. थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात बुडवून बघा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. काटा १००ला पोचला नाही म्हणून नवाकोरा थर्मामीटर दुकानात परत न्यायला निघालेली बाई मीच.

मसाला पाकात शिजवला

कांदा-लसूण मसाला घालायचा मोह आपल्याला होणारच, आणि लागतोही फर्मास. पण उकळत्या पाकात मसाला टाकला की त्यातला कांदा-लसूण करपून कडू होतो आणि मिरचीचा ठसका अख्ख्या घराला लागतो. गॅस बंद केल्यावर, दाणे ताटात ओतायच्या अगदी आधी, पाव चमचा भुरभुरवा. मीठ विसरू नका. मिठाशिवाय हे नुसतं गोड होतं, आणि गोड कोशिंबीर आमच्याकडे कुणी दुसऱ्यांदा वाढून घेत नाही.

ताटात ओतल्यावर गप्पा मारत बसलात

दगड होतो तो इथे. मिनिटभरात दोन चमच्यांनी दाणे सुटे करायला घ्या. हात लावू नका. हा पाक उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी गरम असतो आणि कातडीला चिकटून राहतो. घरात लहान मूल असेल तर त्या दहा मिनिटांत ते स्वयंपाकघरात नको. आणि गोळा झालाच तर गार झाल्यावर मोडा, वाटीत घाला आणि चहाबरोबर चिक्की म्हणून द्या. मी तसंच केलं, कुणाला पत्ता लागला नाही.

पावसाळ्यात काचेसारखे दाणे करू नका

जूनमध्ये पाऊस लागला की इथे मीठसुद्धा बरणीत घट्ट बसतं, तिथे साखरेची काच कशी टिकणार? काचेसारखा थर हवेतलं पाणी फार लवकर ओढतो, कणीदार थर त्या मानाने बराच धीर धरतो. म्हणून गौरी-गणपती होईपर्यंत मी हलव्याच्याच पद्धतीने करते. काच आणि गूळ थंडीसाठी ठेवते. नवा गूळही तेव्हाच बाजारात येतो.

डब्यात भरताना दाणे पूर्ण गार हवेत, नाहीतर झाकणाला वाफ धरते. डबा काठोकाठ भरा, रिकाम्या जागेतली हवाही दमटच असते. चिकट झालेले दाणे ओव्हनमध्ये १२० अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवले की परत कुरकुरीत होतात. बाहेर काढल्या-काढल्या मऊच लागतील, गार होऊ द्या.

दाणे कोशिंबिरीत कालवले

इतकं सगळं साधल्यावर शेवटी हे करू नका. काकडीला मीठ लागलं की पाणी सुटतं, दह्यात पाणी असतंच, आणि साखर ते बघता बघता पिते. पंधरा मिनिटांत गोड पाण्यात भिजलेले काजू उरतात. दाणे वेगळ्या वाटीत ठेवा आणि पानात वाढल्यावर वरून घाला. चार माणसांना एक मूठ पुरते. सगळ्यात चांगले लागतात ते उकडलेलं बीट आणि संत्र्याच्या फोडींवर, किंवा बारीक चिरलेल्या कोबीवर लिंबू पिळून. दह्यातल्या काकडीला आपला दाण्याचा कूटच बरा. तिथे हे घालून मी दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा वाटीतले दाणे मुलांनी नुसतेच खाल्ले आणि कोशिंबीर उरली.

कढई मात्र घासत बसू नका. पाणी भरा, गॅसवर ठेवा, उकळी आली की पाक आपोआप सुटतो.