खुब्याची वाटी हाडाच्या तुकड्यांनी बांधायची असेल तर: ऑपरेशन थिएटरची तयारी

खुब्याच्या कृत्रिम सांध्याची सैल झालेली वाटी काढून मागे उरलेला खड्डा हाडाचे तुकडे ठोकून भरायचा आणि त्यावर सिमेंटने नवी वाटी, म्हणजे कप, बसवायचा, ही नेदरलँड्समधल्या नायमेखेनची पद्धत स्लूफ आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये मांडली. ती फसते तेव्हा चूक बरेचदा रुग्ण टेबलावर येण्याआधीच झालेली असते.

आधी एक्स-रे आणि सीटीवर खड्डा नेमका कुठे आहे ते पाहा: आतल्या भिंतीत, की वरच्या काठाला. पेल्व्हिसच (कमरेचं हाड) आडवा दुभंगला असेल तर खड्डा झाकणारी नुसती धातूची जाळी पुरत नाही, प्लेट किंवा केज (धातूचा आधार-पिंजरा) मागवून ठेवा. सीआरपी, ईएसआर (जंतुसंसर्गाची शंका दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) वाढलेले असतील तर सांध्यातलं पाणी कल्चरला पाठवायचं, पण त्याआधी दोन आठवडे अँटिबायोटिक बंद हवं. औषध चालू असताना कल्चर कोरं येऊ शकतं आणि सगळे उगाच निर्धास्त होतात.

बोन बँकेतून फीमरची (मांडीच्या हाडाची) गोठवलेली दोन डोकी मागवा, तिसरं हाताशी असू द्या. दात्याचे एचआयव्ही, हिपॅटायटिस बी-सी आणि सिफिलिसचे रिपोर्ट स्वतः वाचा. रुग्ण आरएच-निगेटिव्ह आणि मूल होण्याच्या वयातली असेल तर दाताही आरएच-निगेटिव्हच पाहा. एकदा वितळलेलं डोकं परत फ्रीझरमध्ये जात नाही, म्हणून खड्डा दिसल्यावरच दुसरं बाहेर काढा.

सगळ्यात जास्त वेळ तुकड्यांना द्या. कूर्चा खरवडा, डोक्याचे चार भाग करा, कडक कवच काढून टाका आणि आतलं जाळीदार हाड राँजरने (हाड तोडायच्या चिमट्याने) तोडा. तुकडे ७ ते १० मिलिमीटरचे, हरभऱ्याएवढे हवेत. बोन मिलमधून (हाड दळायच्या यंत्रातून) बहुधा कणी पडते. ती लवकर होते हे खरं, पण वाटीच्या बाजूला कणीचा थर टिकत नाही, कप सरकतो. मग कोमट सलाइनच्या फवाऱ्याने धुवा. सुरुवातीला पाण्यावर चरबीचा तवंग येतो, तो येईनासा होईपर्यंत थांबू नका. चरबी राहिली की ठोकताना तुकडे एकमेकांवरून घसरतात.

ट्रॉलीवर जाळी, कात्री, छोटे स्क्रू, २ मिलिमीटरचं ड्रिल, तुकडे ठोकून बसवायच्या अर्धगोल इम्पॅक्टरचा पूर्ण सेट आणि जड हातोडी. जाळी आधी बसते, कारण उघड्या खड्ड्यात तुकडे दाबलेच जात नाहीत. उलट फिरवलेला रीमर (हाड कोरायचं हत्यार) हातोडीची जागा घेत नाही. ठोकून झालेला थर निदान ५ मिलिमीटर हवा. शेवटचा इम्पॅक्टर कपापेक्षा ४ मिलिमीटरने मोठा घेतला की चहूबाजूंनी सिमेंटला २ मिलिमीटर मिळतात. कल्चरसाठी पाच बाटल्या, प्रत्येक नमुन्याला वेगळं हत्यार.

नातेवाइकांना आधीच सांगा: वॉकर आणि उंच कमोड घरी लागेल, पहिले सहा आठवडे पाय नुसता टेकवायचा, मांडी घालून बसायचं नाही.