ताडोब्यात शहाणे, अंदमानात येडे: या चुका टाळा

ताडोब्यात जिप्सीतून पाय खाली ठेवायचा नाही, हे नागपूरच्या पोराला शाळेच्या सहलीतच कळतं. आवाज करायचा नाही, फांदी तोडायची नाही, वाघ दिसला तरी बोंब मारायची नाही. हीच माणसं सोनेगावहून विमानात बसतात, चेन्नईला विमान बदलून अंदमानात उतरतात, आणि दोन दिवसांनी स्वराजद्वीपच्या (म्हणजे जुन्या हॅवलॉकच्या) एलिफंट बीचवर जिवंत प्रवाळावर उभी राहून फोटो काढतात. गेली ९ वर्षं दर हिवाळ्यात मी नातेवाईक, शेजारी आणि शेजाऱ्यांचे साडू असा गोतावळा तिकडे नेतो. माणसं बदलतात, चुका त्याच असतात.

प्रवाळावर उभं राहणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून हिच्यावर जास्त बोलणार.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. वरचा पातळ रंगीत थर म्हणजे हजारो बारीक जीव, आणि खालचा चुना त्यांनीच बांधलेला. फांद्यांचं प्रवाळ त्यातल्या त्यात भराभर वाढतं, पण गोल गोळ्यासारखं वाढणारं वर्षाला जेमतेम १ सेंटीमीटर. घंगाळाएवढा गोळा दिसला तर तो तुमच्या लग्नापेक्षा जुना असू शकतो. एक टाच पडली की वरचा थर खरवडला जातो.

तीन वर्षांपूर्वी आमच्यासोबत एक काकाजी होते. साठी ओलांडलेली, मिशी झुबकेदार. तिथे स्नॉर्केलिंग करतात, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर पालथं तरंगत प्रवाळ बघायचं. त्याच्या सरावाला निघण्याआधी मी सगळ्यांना तरणतलावावर बोलावलं होतं. काकाजी म्हणाले, “लहानपणी अंबाझरीत पोहलो आहे मी, मला काय शिकवतो?” एलिफंट बीचवर पाण्यात उतरून दोन मिनिटं झाली नसतील, मास्कमध्ये पाणी शिरलं. काकाजींनी पाय खाली सोडले आणि फांद्यांच्या प्रवाळावर उभे राहिले. तिथला पोरगा ओरडतोय, “सर, पैर ऊपर!” काकाजींना ऐकू येत नाही, कारण लाइफ जॅकेट कानापर्यंत वर आलेलं. खालचा पट्टाच बांधला नव्हता. त्यांना आधार द्यायला जावई उभा राहिला, जावयाला धरायला त्याची बायको, आणि ‘काय झालं’ बघायला चौथा. चौघं गोल करून उभे, जसे सीताबर्डीत पानठेल्यापुढे. काकाजींच्या टाचेला झालेली जखम नागपूरला परतल्यावरही आठवडाभर चिघळत होती. प्रवाळाचं जे झालं ते बघायला कोणी गेलं नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. माणूस मस्तीत उभा राहतो असं कमी वेळा होतं, बहुतेक वेळा मास्क गळतो म्हणून उभा राहतो. त्यामुळे माझा उपाय मास्कपासून सुरू होतो. पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला टेकवा, नाकाने श्वास ओढा, हात सोडा. चिकटून राहिला तर तो तुमचा. पडला तर दुसरा मागा. पट्टा आवळून उपयोग नाही, त्याने कड दुमडते आणि आणखी गळतं. मिशीखालून पाणी येतंच, तिच्यावर व्हॅसलिन चोपडा नाहीतर ती काढा. पाणी शिरलंच तर वरची कड कपाळाशी दाबा, मान किंचित वर करा आणि नाकाने फुंका. नळीत आलं तर एकदा जोरात फुंकर. काच धुरकटत असेल तर आतून थुंकी चोळून विसळा, किळस येत असेल तर बेबी शांपूचा थेंब.

हे सगळं नागपुरात, तरणतलावात, निदान तीन सकाळी करायचं. पोहता आलं नाही तरी चालेल, पालथं पडून तरंगता आलं पाहिजे. ‘तिथे गेल्यावर शिकून घेऊ’ म्हणणाऱ्यांना मी आता काच-तळाच्या बोटीत बसवतो. त्यांना राग येतो, येऊ दे.

‘एवढंसं तर आहे’ म्हणून उचलणं

इतवारीतल्या एका वहिनींनी किनाऱ्यावरचा पांढरा प्रवाळाचा तुकडा शंकरपाळ्यांच्या डब्यात, तळाशी ठेवला होता. मंगळासाठी पोवळं म्हणून! विमानतळावर डबा उघडला गेला, शंकरपाळे ट्रेमध्ये पसरले, रांग खोळंबली. तुकडा जप्त झाला, वर अर्धा तास समजुतीचा कार्यक्रम. अंगठीतलं लाल पोवळं वेगळ्या जातीचं, ते बहुतेक भूमध्य समुद्राकडून येतं. किनाऱ्यावरचा पांढरा तुकडा म्हणजे मेलेल्या प्रवाळाचा सांगाडा, त्याने मंगळ कसा शांत होणार? आणि कायद्याचं म्हणाल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघ ज्या पहिल्या परिशिष्टात आहे, त्यातच २००१ पासून हे प्रवाळही आहे. वाघाचं नख कोणी डब्यात घालून आणेल का?

रिकामे शंखही नको. ते रिकामे नसतातच फार वेळ, शंखात राहणारे खेकडे वाढले की मोठं घर शोधत फिरतात. दुकानातला शंख पावतीसकट मिळाला तरी मी घेत नाही. ही माझी खोड समजा.

मे महिना आणि तिथी

शाळेला सुट्टी म्हणून मे महिन्यात जाऊ नका. आपल्याला ४५ अंशांची सवय, त्यामुळे तिथलं कोमट पाणी फार गोड लागतं. पण समुद्र नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद अंशाने जास्त तापला आणि काही आठवडे तसाच राहिला, की प्रवाळ आतलं शेवाळ बाहेर टाकून पांढरं पडतं. त्याचं बरंचसं अन्न त्या शेवाळातूनच येतं. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये हे घडलं. आधीच तापाने फणफणलेल्यावर आणखी माणसं कशाला सोडायची? दिवाळीनंतर जा.

दुसरं म्हणजे तिथी. आपण समुद्रापासून लांबचे, ओहोटी कधी असते हे विचारतच नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा ओहोटीचं पाणीही सगळ्यात खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार सगळ्यात कमी. शहीदद्वीपच्या (जुन्या नीलच्या) नैसर्गिक पुलाकडे ओहोटीतच चालत जाता येतं आणि वाटेतल्या डबक्यांत जिवंत प्रवाळ असतं. भिंतीवरचं कॅलेंडर बघा, स्थानिक वाटाड्या घ्या, तो जिथे पाय ठेवतो तिथेच ठेवा. दोनशे-तीनशे रुपये वाचवायला स्वतः घुसणारे मी पाहिले आहेत, ते डबक्यातूनच जातात.

बाकीच्या, पटापट

माशांना ब्रेड टाकू नका, बोटवाल्याने हातात दिला तरी. सनस्क्रीनचा लेप लावून पाण्यात उतरण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घाला. हवाई आणि पलाऊने काही सनस्क्रीनवर बंदी उगाच नाही आणली. चिवडा-फरसाण नागपुरातच स्टीलच्या डब्यात काढा, पाकिटं घरच्या कचऱ्यात. वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात (१९८३ चं) जॉली बॉय बेट बंद असेल तर चिडचिड नको. ते आणि रेड स्किन बेट आलटून-पालटून उघडतात, म्हणजे एकाला विसावा मिळतो. पावसाळ्यात ताडोब्याचा गाभा बंद असतो तेव्हा आपण भांडतो का?

आणि बारातांग, चुनखडीच्या गुहांचं बेट. तिकडे जारवा आदिवासींच्या राखीव प्रदेशातून रस्ता जातो, गाड्या ताफ्याने सोडतात, थांबणं आणि फोटो काढणं गुन्हा आहे. १९५६ चा नियमच आहे तसा. तरी परतल्यावर पहिला प्रश्न हाच असतो, “जारवा दिसले का?” अगदी ‘वाघ दिसला का?’च्या सुरात. माणसांबद्दल. त्या सुराचा मला इतका वैताग आला की माझ्या आखणीत आता बारातांग नाही. चुनखडीच्या गुहांशिवाय सहल अधुरी वाटत असेल तर दुसरा कोणी शोधा.

येत्या डिसेंबरच्या गटाचा सराव नोव्हेंबरच्या पहिल्या तीन रविवारी, सकाळी साडेसहाला. पाणी गार असतं, तक्रार ऐकणार नाही. मिशीवाल्यांनी व्हॅसलिन स्वतःचं आणावं, गेल्या वेळी माझी डबी संपवली.