समोरच्याने ऑल-इन टाकलं, कॉल करू का?

पोकर टूर्नामेंटमध्ये कोणी ऑल-इन टाकलं, म्हणजे आपल्या सगळ्या चिप्स लावल्या, की आपण आधी स्वतःचे पत्ते बघून खूश होतो, पण पहिला हिशोब पॉटचा, म्हणजे मधे जमलेल्या चिप्सचा, करायचा. समजा ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी दोघांनी सक्तीने लावायच्या चिप्स, छोटा आणि बिग) ५००-१०००, बिग ब्लाइंड अँटी (बिग ब्लाइंडवाल्यानेच भरायच्या जादा चिप्स) १०००, तुम्ही बिग ब्लाइंडला आणि बटणवाल्याने (डीलरच्या जागेवर बसलेल्याने) सगळे १०,००० ढकलले, बाकी सगळे फोल्ड, म्हणजे पत्ते टाकून बाहेर. म्हणजे मधे १२,५०० पडलेत आणि कॉल करायला, म्हणजे त्याच्याइतक्या चिप्स लावायला, तुम्हाला अजून ९,००० घालायचेत. ९,००० भागिले २१,५०० (१२,५०० अधिक तुमचे ९,०००), साधारण ४२ टक्के. तेवढ्या वेळा जिंकत असाल तर चिप्सच्या हिशोबात कॉल बरोबर.

आता तो कशावर ढकलतोय ते बघा. बटणवरून १० ब्लाइंडवाला (बिग ब्लाइंडच्या फक्त १० पट चिप्स उरलेला) माणूस काहीही घेऊन येतो, तिथे एक्का-गुलाम आला तर मी विचारसुद्धा करत नाही. पण तोच ऑल-इन सगळ्यात आधी खेळणाऱ्या पहिल्या सीटवरून, तासभर गप्प बसलेल्या काकांनी टाकला असेल तर तोच एक्का-गुलाम डोकेदुखी आहे, कारण समोर एक्का-राजा निघाला तर तुम्ही चारातून जेमतेम एकदा जिंकता.

आणि बबल (बक्षिसांच्या अगदी आधी बाहेर पडायची वेळ) जवळ आला असेल तर ४२ वर भागत नाही, जास्त लागतात, कारण बाहेर पडलात तर हातात भोपळा आणि चिप्स डबल झाल्या तरी बक्षीस काही डबल होत नाही. त्यात टेबलावर कोणी २-३ ब्लाइंडवर लटकलेला असेल तर आधी त्याला जाऊ दे ना बाबा! सॅटेलाइटमध्ये (मोठ्या टूर्नामेंटचं तिकीट जिंकायच्या स्पर्धेत) जिंकणाऱ्या सगळ्यांना सारखंच तिकीट असतं, तिथे तर मोठा स्टॅक (चिप्सचा साठा) असताना बबलवर एक्क्यांची जोडीसुद्धा फोल्ड करणं बरोबर ठरू शकतं, हात थरथरला तरी.